बिनफुंकीचा बास

घोरपडे पेठेतल्या हमीदचं तोंड लग्नाच्या एकाही फोटोत नीट आलं नव्हतं. बँडच्या शेवटच्या रांगेत तो चालायचा, अंगाभोवती वेढा घातलेला भला मोठा पितळी बाजा खांद्यावर घेऊन. त्या बाज्याला बँडवाले बास म्हणतात. त्याचा भोंगा परातीएवढा. फोटोत भोंगा यायचा आणि हमीद त्याच्यामागे झाकून जायचा. घोड्यावर नवरदेव, पुढे नाचणारी पोरं, मग क्लॅरोनेट, ट्रंपेट, ढोल, आणि सगळ्यांच्या मागून हमीदचं भों, भों. लोक ऐकायचे क्लॅरोनेट. पाय मात्र पडायचे हमीदच्या भोंवर. हे त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तो खूश होता.

बाजा मूळचा त्याच्या अब्बांचा, कादरमियांचा. अब्बांचा दम सरला तेव्हा बाजा हमीदच्या खांद्यावर आला आणि अब्बांच्या डोक्यावर बत्ती आली. बँडची रीतच होती तशी. ज्याची फुंक गेली त्याला घरी बसवायचं नाही, बत्ती द्यायची. वरातीच्या दोन्ही अंगांनी दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेऊन माणसं चालतात, त्यांच्यात त्याला उभं करायचं. मालकाच्या मनाने ही मेहेरबानी. होतीही. कादरमियांना कोणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट चहाचा पहिला कप त्यांना मिळायचा. पण ज्या रांगेला जन्मभर चालवलं, त्याच रांगेला बाजूने उजेड दाखवत चालायचं. हमीद मागून अब्बांची ताठ धरलेली मान बघायचा आणि बाजा फुंकायचा. दोघं बापलेक घरी परतायचे तेव्हा वाटेत एक अक्षर बोलायचे नाहीत.

आता हमीदच्या छातीत घरघर सुरू झाली. स्वारगेटजवळच्या डॉक्टरांनी नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं आणि नळी काढून ठेवली.

"फुंकायचं बंद. कायमचं."

"हळू फुंकलं तर, डॉक्टरसाहेब?"

"घर हळू जाळलं तर जळत नाही का?"

पुण्याचे डॉक्टर. औषध कडू, बोलणं त्याहून कडू.

बँडचे मालक हिंदुराव लोणी काळभोरचे. मंडईच्या मागे त्यांचं बँडचं दुकान. हमीदने त्यांना खाली मान घालून सगळं सांगितलं. हिंदुराव आत गेले आणि एक काळी, लांब दांड्याची गिटार घेऊन आले. कुठलातरी ऑर्केस्ट्रा मोडला होता, त्यातली. तारा फक्त चार, पण एकेक अशी जाड की वाळत घातलेले कपडे पेलावेत.

"हमीदभाई, आता गाडीवर कर्णे आले, आवाज वाढवनारं मशीन आलं, कीबोर्ड आला. बास बी तारंचा आलाय. बिनफुंकीचा. तुजं काम तेच हाय, निस्तं तोंडाऐवजी हातानं करायचं. तुळशीची लग्नं लागायच्या आत मला वाजवून दाखव."

"आणि नाही जमलं तर, मालक?"

हिंदुरावांनी भिंतीशी ओळीने ठेवलेल्या झुंबरांकडे बघितलं आणि नजर वळवली. "तवाचं तवा बघू. तुला घरी बसवनार न्हाई, येवढं नक्की."

घरी बसवणार नाही म्हणजे काय करणार, ते हमीदला वेगळं सांगायला नको होतं.

त्याने गिटार चादरीत गुंडाळली आणि घरी नेली. हुस्नबानू, त्याची बायको, उंबऱ्याशी शर्टांना काजं करत बसली होती. शिंप्याचं काम ती घरी आणायची. अब्बा गेले, लेक सासरी गेली, तेव्हापासून घरात दोघंच. दोघांचं बोलणं दखनीत चालायचं, पण हुस्नबानू वाढली मंडईच्या शेजारात, भाजीवाल्यांच्या पोरींबरोबर. टोमणा मारायचा असला की ती मराठीत यायची. म्हणजे दिवसातला बराच वेळ मराठीच.

"कोणाचं मढं आणलंत गुंडाळून?"

"बास आहे."

"हा? याला तोंड कुठाय?"

"नाहीच."

तिने सुई थांबवली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा काजाला लागली. डॉक्टरांचं तिला माहीत होतं. बत्तीचंही.

शिकवायला मिळाली पद्मजा. शुक्रवार पेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर ती गिटारचा क्लास घ्यायची. कॉलेजची मुलं सहा तारांची गिटार शिकायला यायची, तिची स्वतःची आवड मात्र ही चार तारांची. वयाने हमीदच्या लेकीएवढी, पण शिकवायला बसली की सासूसारखी.

"काका, तुम्हाला गाणी किती येतात?"

"लग्नातली सगळी."

"छान. ती सगळी विसरा. आधी स्केल. साधं सा रे ग म, खालून वर आणि वरून खाली. सगळ्यात जाड तारेवर दोन सूर, पुढच्या तारेवर तीन, तिच्या पुढच्या तारेवर तीन. चौथीला हात लावायचा नाही."

"आणि गाणं कधी?"

"सा रे ग म आधी तुमच्याशी बोलू दे, मग गाण्याचं बघू."

हमीदला जरा लागलं. अर्ध्या पुण्याला ज्याने बोहल्यापर्यंत पोचवलं, त्याला ही पोरगी सा रे ग म सांगते. पण वाजवायला घेतलं आणि राग कुठल्या कुठे गेला. बाज्यावर उजव्या हाताची तीन बोटं काम करायची आणि डावा हात नुसता ओझं धरायचा. इथे सगळी कारागिरी डाव्या हाताकडे. त्यातून करंगळी. जन्मभर जिने चहाच्या कपाबाहेर डोकावण्यापलीकडे काही केलं नाही, तिला आता प्रत्येक तारेवर हजेरी. ती कापायची, घसरायची, शेजारच्या बोटाच्या आड लपायची. दाबावं तर बोटाच्या टोकाला तार रुतायची, न दाबावं तर तार फुरफुरायची.

आणि गाल. वरचा सूर आला की हमीदचे ओठ आवळायचे, गाल फुगायचे.

"काका, पुंगी कुठे ठेवलीत?" पद्मजा म्हणायची. माडीवरची पोरं हसायची. हमीदही हसायचा. गाल आत घ्यायचा, आणि दुसऱ्या फेरीला ते पुन्हा फुगलेले.

घरी मशीन नव्हतं. नुसत्या तारेचा आवाज मच्छर गुणगुणल्यासारखा. मग एक दिवस गिटारचं टोक चुकून लाकडी कपाटाला टेकलं आणि आख्खं कपाट घुमलं. आतल्या कपबश्या किणकिणल्या. तेव्हापासून हमीद कपाटाला टेकूनच बसायचा. खालून वर, वरून खाली. हुस्नबानूने कपबश्यांच्या मध्ये जुने कपडे कोंबून ठेवले, पण बंद करा असं म्हणाली नाही.

बोटं टणक झाली. करंगळी हळूहळू माणसात आली. एक गोष्ट मात्र जाईना. सा, रे, ग, म झालं की हमीद थांबायचा. क्षणभरच. बोट उचलायचं, आणि मग प, ध, नी, सा. उतरतानाही तेच. पद्मजाने टिकटिक करणारं यंत्र लावलं तेव्हा ते उघडं पडलं. यंत्र चालत राहायचं आणि हमीदच्या सुरात दर वेळी त्याच जागी भोक.

"म नंतर का थांबता?"

"दम घ्यायला."

पद्मजा हसणार होती, पण हमीदच्या चेहऱ्याकडे बघून राहिली. त्याने चेष्टा केली नव्हती. बाज्यावर चार सूर फुंकायचे, दम घ्यायचा, पुन्हा चार फुंकायचे, हे त्याच्या हाडात मुरलं होतं.

"काका, तारेला दम लागत नाही. सलग वाजवा."

हमीदने मनावर घेतलं. छातीभर हवा भरून घेतली, तोंड मिटलं आणि वर चढला. थांबला नाही. उतरला. थांबला नाही. पुन्हा चढला. सूर पहिल्यांदाच सलग, कापडाच्या ताग्यासारखा. पद्मजा "वा" म्हणायला आणि हमीद खुर्चीवरून कलंडायला एकच गाठ पडली. सलग वाजवायचं म्हणून पठ्ठ्याने श्वासच धरून ठेवला होता. तोंड काळंनिळं, छातीत भात्यासारखा आवाज, डोळ्यांना पाणी. पोरांनी खिडकी उघडली, कोणी पाणी आणलं. बऱ्याच वेळाने तो नीट बसला.

पद्मजा घाबरली होती. त्यामुळे ती जास्तच कडक बोलली. "उद्यापासून येऊ नका. वाजवताना श्वास घेता आला की या. माझ्या जिन्यावर पोलीस नकोत मला."

जिना उतरून हमीद मंडईपाशी आला आणि पाय आपोआप बँडच्या दुकानाकडे वळले. दुपारची वेळ. हिंदुराव नव्हते. सोजरबाई एकटीच फरशीवर बसून चिंचेच्या कोळाने झुंबरांचं पितळ घासत होती. बत्ती धरणाऱ्यांत सगळ्यात जुनी ती. हमीद भिंतीला टेकून उभा राहिला. छाती अजून ठिकाणावर नव्हती. त्याने एका झुंबराला हात लावला.

"जड न्हाई तेवढं," सोजरबाई मान न उचलता म्हणाली. "चुंबळ नीट बसली की मान आपसूक बसती. भ्याचं काय त्यात? तुझ्या बापाला बी मीच शिकवलं व्हतं."

हमीदने हात काढून घेतला.

"लई गुणाचा मानूस," ती घासत म्हणाली. "पर एक खोड व्हती. बत्ती डोईवर आन् तोंडानं गाल फुगवत चालायचा. तू मागून फुंकायचास ना, तवा. म्या म्हनायची, कादरमिया, लोक बघत्यात. तर त्याला ठावंच नसायचं."

हमीदला हे कधी दिसलं नव्हतं. कसं दिसणार? तो मागून चालायचा. त्याला दिसायची ती मान. तो बाहेर पडला. मंडईत भाजीवाल्या ओरडत होत्या, एकीने त्याला नावाने हाक मारली, पण ती त्याच्या कानापर्यंत पोचली नाही.

त्यानंतर काही दिवस गिटार कोपऱ्यात चादर पांघरून उभी होती. हुस्नबानूने विचारलं, त्याने सांगितलं नाही. पद्मजाच्या क्लासमधलं तिला शेजारणीकडून कळलं. तेही तिने बोलून दाखवलं नाही. एका सकाळी मेथीची जुडी घेऊन ती कपाटाशी बसली आणि म्हणाली, "वाजवा."

"दम लागतो."

"हळू वाजवा. आणि मला सांगा, उद्या मंडईतून काय आणू?"

हमीदने कपाटाला टेकून सुरू केलं. सा, रे, ग, म. थांबला. "चाकवत," म्हणाला. प, ध, नी, सा.

"थांबून नाही. वाजवता वाजवता सांगा."

"कसं जमेल?"

"का नाही जमणार? इतकी वर्षं तुमच्या तोंडात बाजा होता. मी काही विचारलं की तो पुढे करायचात. आता तोंड रिकामं आहे. बोला. बोलायचं म्हटलं तर माणसाला श्वास घ्यावाच लागतो. मी तर भांडताना दहा वेळा घेते."

"ते मला माहीत आहे."

"मग वाजवा आणि बोला."

पहिल्यांदा नुसता गोंधळ. बोललं की बोटं थांबायची, बोटं चालली की तोंड बंद. मग "हो" आणि "नाही" जमायला लागलं. ती मुद्दाम होकार-नकाराचे प्रश्न विचारायची. चहा हवा? हो. साखर कमी घालू? नाही. तुमची बहीण चोंबडी आहे? यावर बोटं अडखळली आणि दोघंही हसली. मग दोन शब्द, मग चार. श्वास कुठे घेतला ते त्याला कळेनासं झालं. त्याला वाटायचं आपण घेतलाच नाही, आणि छाती तर शांत.

बरेच दिवस हे चाललं. एका दुपारी हुस्नबानूचे प्रश्न संपले. ती काजं करत गप्प बसली. हमीदच्या बोटांना आता गप्प बसवेना, आणि बोटं चालली तर तोंडाला काहीतरी बोलायला हवं. बोलायला दुसरं काही सुचेना. तो म्हणाला,

"अब्बा बत्ती घेऊन चालायचे ना, तेव्हा गाल फुगवायचे. मी बाजा फुंकला की. सोजरबाईने सांगितलं."

बोटं चढत होती.

"मला वाटायचं ते माझ्यावर नाराज आहेत. बाजा मी घेतला म्हणून. घरी येताना बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही. ते पुढे चालता चालता माझ्याबरोबर वाजवत होते, बानू. मला मागून दिसत नव्हतं."

बोटं उतरत होती. तीन, तीन, दोन. मध्ये कुठे भोक पडलं नाही. कपाट घुमत होतं. हुस्नबानूच्या हातातला शर्ट तसाच राहिला होता. ती उठून जवळ आली नाही, डोळेही पुसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "परत खालून घ्या."

त्याने परत खालून घेतलं.

पद्मजाने त्याला पुन्हा क्लासला घेतलं. माडीवर तो बडबडत वाजवायचा आणि ती यंत्र लावून ऐकायची. "विचित्र आहे," ती म्हणाली, "पण जिवंत आहात, हे महत्त्वाचं." सा रे ग म झाल्यावर तिने दोन संथ गाणी बसवून दिली. जलद गाण्यांना अजून वेळ होता. तुळशीच्या लग्नांना मात्र वेळ उरला नव्हता.

हिंदुरावांनी दुकानात मशीन लावलं. क्लॅरोनेटवाला मच्छिंद्र खुर्ची उलटी घालून मजा बघायला बसला. "चला, आता बाससुद्धा पोटावर घेऊन वाजवायचा! हमीदभाई, झोप लागली तर सांगा, उशी आणतो."

"आधी नुसतं सा रे ग म वाजव," हिंदुराव म्हणाले.

मशीनमधून पहिला सूर निघाला आणि हमीद दचकला. इतके दिवस कपाटातून घुमणारा आवाज इथे फरशीतून पायात शिरत होता. छाती आवळली. तो बोलायला लागला.

"मालक, गाडीच्या मागच्या चाकात हवा नाही. मच्छिंद्रा, तुझा गणवेश उसवलाय काखेत, हुस्नबानूकडे दे. बाहेर ऊन आहे. मंडईत आज मटार आलाय."

"काय पुटपुटतूयास?" हिंदुराव पुढे झुकले. "दुवा मागतूस का काय?"

"नाही मालक. बोललो नाही तर दम कोंडतो."

मच्छिंद्र हसला. हमीदची बोटं थांबली नाहीत. आता बोलायला काही सुचत नव्हतं. चाक झालं, काख झाली, मटार झाला. करंगळी वरच्या सा वर पोचली आणि खाली वळली. समोर भिंतीशी घासून लख्ख केलेली झुंबरं ओळीने उभी होती. तोंडाला काहीतरी हवं होतं, आणि शेवटी जे होतं ते आलं.

"मला बत्ती देऊ नका, मालक."

दुकानात फक्त बास ऐकू येत होता.

"अब्बांना दिलीत ती तुम्ही चांगल्या मनानेच दिलीत. मला माहीत आहे. पण मला नका देऊ. मी घरी बसेन. काजं-बटणं करेन. बत्ती नको."

हे वाक्य गिटार हातात नसती तर हमीदच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. मालकाला असं तोंडावर कोणी सांगत नाही, आणि ती तर मेहेरबानी. मच्छिंद्र उलट्या खुर्चीवरून उठला आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला.

हिंदुरावांनी झुंबरांकडे पाठ केली. मग घसा खाकरून म्हणाले, "गानं वाजव."

हमीदने एक संथ गाणं वाजवलं, दुसरं वाजवलं. तिसऱ्या जलद गाण्यात बोटं घसरली, दोनदा चुकला, पण थांबला नाही.

"संथ गानी तुजी," हिंदुराव म्हणाले. "नाचाची गानी तूर्त कीबोर्डवाला डाव्या हातानं बघल. उन्हाळ्यापातूर ती बी बसव. आन् वरातीत असं बोलत नगं वाजवू. लोकांना वाटंल मानूस बिघडलाय."

"न बोलता वाजवता येत नाही, मालक."

हिंदुरावांनी त्याच्याकडे बघितलं. "मग बोल. कर्न्यापुढं कोन ऐकतंय?"

पहिली वरात भवानी पेठेतून निघाली. संध्याकाळ नुकतीच झाली होती. हमीद आता शेवटच्या रांगेत नव्हता. गिटारची वायर गाडीला जोडलेली, म्हणून गाडीच्या मागच्या चाकालगत चालायचं. वायर जेमतेम पुरायची. गाडी वळली की त्यालाही वळावं लागायचं, दावणीच्या गुरासारखं. खांद्यावर पितळ नव्हतं. तिथे उघडं उघडं वाटत होतं. दोन्ही अंगांनी झुंबरं चालली होती आणि त्यांच्या उजेडात त्याचं तोंड, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भोंग्याच्या आड नव्हतं.

संथ गाणं सुरू झालं. तो बोलत होता. काय बोलत होता ते शेजारच्या ढोलवाल्यालाही कळत नव्हतं. बोलणं बहुतेक अब्बांशी होतं. रस्त्यातल्या खड्ड्याविषयी, घोडा लंगडतोय त्याविषयी, नवरदेवाच्या काकाने किती घेतलीय त्याविषयी. घरी परततानाच्या वाटेवर जे बोलायला हवं होतं, तसलं साधंसुधं.

घोरपडे पेठेच्या वळणावर माणसं बघायला उभी होती. त्यांत हुस्नबानू होती. नवरा वाजवतोय अशी वरात बघायला ती आजवर कधी आली नव्हती. पदर डोक्यावर ओढून ती भिंतीला चिकटून उभी होती. हमीदला वाटलं ती बोटांकडे बघेल, करंगळीकडे बघेल, जिने एवढा छळ मांडला होता. पण तिची नजर त्याच्या तोंडावर होती. ओठ हलतायत का, एवढंच ती बघत होती.

हलत होते. तिने हाताने खूण केली, चला, पुढे चला. वायर ताणली गेली, गाडी पुढे निघाली, आणि हमीद गाडीबरोबर पुढे गेला.